'प्रभाव स्पष्ट दिसतो' – पण कुणाला?

मागच्या महिन्यात प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचा ड्राफ्ट मॅडमना दिला होता. परत आला तेव्हा बेचाळीस पानांत फक्त एका वाक्याखाली लाल रेघ होती. वाक्य असं: 'या काळात सुझांनी रंगवलेल्या चेहऱ्यांवर पिकासोचा प्रभाव स्पष्ट दिसतो.' आणि समासात मॅडमच्या बारीक अक्षरात एकच शब्द: 'कुणाला?'

खरं सांगायचं तर आधी रागच आला. हे वाक्य मी काही मनाने रचलं नव्हतं. गोव्यात साळगावला जन्मलेले आणि १९४९ मध्ये लंडनला गेलेले चित्रकार एफ. एन. सुझा यांच्याबद्दल वाचायला लागलं की पिकासोचं नाव येतंच. आणि एकट्या सुझांचंच कशाला? अमक्या कवीवर तमक्या इंग्रज कवीचा प्रभाव, या दिग्दर्शकावर त्या इटालियन दिग्दर्शकाचा प्रभाव, हे आपण शाळेपासून लिहीत आलोय. लिहिणारा लिहितो, वाचणारा मान डोलावतो, पान उलटतं.

पण तो 'कुणाला?' काही डोक्यातून जाईना. दिसतो म्हणजे मला दिसतो. सुझांच्या हातात ब्रश होता तेव्हा त्यांच्या मनात काय चाललं होतं, हे मला इतक्या वर्षांनी चित्राकडे बघून कसं कळणार? समीक्षकाला हे खरंच कळू शकतं का, की आपण सगळे साम्य बघून गोष्ट रचतो? गेले तीन आठवडे मी यावरच वाचत होते. त्याचा हा हिशेब.

सुझांना जरा बाजूला ठेवू. उलट्या बाजूने सुरुवात करू: खुद्द पिकासोवर कुणाचा प्रभाव होता? कारण या प्रश्नाचा तपास इतक्या लोकांनी इतक्या चिकाटीने केलाय की प्रभाव शोधण्याच्या सगळ्या पद्धती, आणि त्यांच्या सगळ्या फजित्या, एकाच ठिकाणी बघायला मिळतात.

पाच बायका आणि एक मुखवटा

१९०७ च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये, माँमार्त्र टेकडीवरच्या एका मोडकळीला आलेल्या इमारतीतल्या स्टुडिओत, पंचविशीतल्या पिकासोने एक चित्र रंगवलं. जवळपास अडीच मीटर उंच, जवळपास तेवढंच रुंद. वेश्यागृहातल्या पाच नग्न स्त्रिया आपल्याकडे रोखून बघतायत. आज ते न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे आणि 'ले दम्वाझेल दाव्हिन्याँ' या नावाने ओळखलं जातं. (हे नाव पिकासोने दिलेलं नाही. १९१६ मध्ये चित्र पहिल्यांदा लोकांपुढे आलं तेव्हा त्याच्या एका मित्राने ते दिलं.)

चित्र समोर आणून बघा. मधल्या दोघींचे चेहरे मोठ्या डोळ्यांचे, शांत, दगडी. उजवीकडच्या दोघींचे चेहरे मात्र वेगळ्याच जगातले: लांबुडके, नाक पाचरीसारखं, गालांवर रंगाचे तिरके फटकारे. जणू चेहऱ्यावर मुखवटा चढवलाय. त्यामुळे पुस्तकांत एक पद्धत पडून गेली. डाव्या बाजूला या चेहऱ्याचा फोटो, उजव्या बाजूला एखाद्या आफ्रिकन मुखवट्याचा फोटो. वाचणाऱ्याला वेगळं काही सांगायची गरजच नाही. 'प्रभाव स्पष्ट दिसतो.'

मग १९८४ मध्ये त्याच म्युझियमच्या विल्यम रुबिनने एक मोठं प्रदर्शन भरवलं. विषयच हा होता: विसाव्या शतकातली आधुनिक कला आणि त्या काळी ज्याला 'प्रिमिटिव्ह' म्हटलं जायचं ती आफ्रिका-ओशनियातली कला. त्यासाठी त्याने एक साधं पण कंटाळवाणं काम केलं. अभ्यासक 'दम्वाझेल'शेजारी ज्या मुखवट्यांचे फोटो छापत आले होते, ते मुखवटे युरोपात आले कधी, हे तपासलं. निष्कर्ष असा निघाला की पिकासोला १९०७ पर्यंत पॅरिसमध्ये बघायला मिळाला असता असा त्यांत एकही नव्हता.

म्हणजे साम्य होतं, डोळ्यांना पटत होतं, पुस्तकांत छापलं जात होतं, आणि गाठ पडलेलीच नव्हती.

असं कसं होतं? विचार केला तर फार गूढ नाही. चेहरा हुबेहूब काढायचा नाही, फक्त खुणांनी उभा करायचा, असं एकदा ठरवलं की मार्ग मोजकेच उरतात. नाकासाठी एक उभी धार, डोळ्यांसाठी दोन खाचा, गालासाठी समांतर रेघा. लाकूड कोरणारा काँगोतला कारागीर आणि कॅनव्हास रंगवणारा पॅरिसमधला चित्रकार स्वतंत्रपणे एकाच जागी पोचू शकतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, एवढंच. साम्य हा तपास सुरू करायचा बहाणा आहे. तपास तिथे संपत नाही.

मग पिकासोलाच विचारू की!

इथे बरेच जण म्हणतील, एवढी डोकेफोड कशाला? कलाकाराने स्वतः काय सांगितलं ते बघा. बघू.

१९२० मध्ये पॅरिसच्या एका मासिकाने कलाकारांना आफ्रिकन कलेबद्दल मत विचारलं. पिकासोच्या उत्तराचा आशय असा, की असलं काही मला माहीत नाही. तोवर त्याच्याकडे आफ्रिकन शिल्पांचा चांगला संग्रह जमलेला होता. एवढंच काय, १९०८ मध्ये अमेरिकन लेखक गेलेट बर्जेसने त्याच्या स्टुडिओतला फोटो मिळवला होता, त्यात पिकासोच्या मागे न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या लाकडी मूर्ती दिसतायत.

१९४२ मध्ये क्रिस्तियान झर्वोसने पिकासोच्या हवाल्याने दुसरीच माहिती छापली. 'दम्वाझेल' रंगवताना मला आफ्रिकन कला ठाऊक नव्हती, ती मला नंतर भेटली. त्या चित्रामागे आहेत ती इबेरियन शिल्पं, म्हणजे रोमन लोक स्पेनमध्ये येण्याआधीची तिथली दगडी शिल्पं.

आणि आंद्रे माल्रोने १९७४ मध्ये, पिकासो गेल्याच्या पुढच्या वर्षी, एक पुस्तक काढलं. त्यात १९३७ मधलं एक संभाषण आहे. पिकासो सांगतो की तो एकटाच त्रोकादेरोच्या वस्तुसंग्रहालयात गेला होता. जागा कळकट होती, वास येत होता, निघून जावंसं वाटत होतं, पण तो थांबला. हे मुखवटे म्हणजे शिल्पं नसून भीतीपासून वाचवणारी साधनं आहेत, हे त्याला तिथे उमगलं. 'दम्वाझेल' त्या दिवशीच सुचलं असणार, पण आकारांमुळे नव्हे, तर ते त्याचं भूत उतरवणारं पहिलं चित्र होतं म्हणून.

एक माणूस, एक चित्र, तीन उत्तरं. माहीत नाही. माहीत होतं पण नंतर. माहीत होतं, पण तुम्ही समजता तसं नाही.

यातलं इबेरियन शिल्पांचं उत्तर तर पोलिसांच्या कागदांपर्यंत जातं. १९०७ मध्ये पिकासोने दोन इबेरियन दगडी मुंडकी विकत घेतली. विकणारा होता कवी अपोलिनेरच्या ओळखीतला जेरी पिएरे. ती मुंडकी त्याने लूव्रमधून चोरली होती. १९११ मध्ये 'मोनालिसा' चोरीला गेली आणि पॅरिसभर धरपकड सुरू झाली, तेव्हा पिकासो घाबरला. मुंडकी एका वर्तमानपत्रामार्फत परत करावी लागली आणि अपोलिनेरला काही दिवस तुरुंगात काढावे लागले. प्रभावाच्या अभ्यासात इतका भक्कम पुरावा क्वचितच मिळतो. वस्तू त्याच्या घरात होती, त्याच वर्षी होती, आणि त्याने ती लपवली होती.

खोटं बोलत होता का?

कदाचित थोडंफार. १९२० पर्यंत सगळा पॅरिस आफ्रिकन कलेच्या नावाने नाचायला लागला होता, त्याला त्या गर्दीत उभं राहायचं नसेल. पण मला जास्त अस्वस्थ करणारी शक्यता वेगळी आहे. समजा तो पूर्ण प्रामाणिक असता. तरी त्याला माहीत असतं का?

१९७७ मध्ये रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी एक लेख लिहिला. त्यातला एक प्रयोग असा: टेबलावर नायलॉनच्या मोज्यांच्या चार जोड्या ओळीने ठेवल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारलं, यातली सगळ्यात चांगली कुठली? चारही जोड्या तंतोतंत सारख्या होत्या. लोकांनी डाव्या टोकाच्या जोडीपेक्षा उजव्या टोकाची जोडी जवळजवळ चौपट वेळा निवडली. कारण विचारलं तर वीण, पोत असली कारणं. जागेचा उल्लेख एकानेही केला नाही. 'ती उजवीकडे होती म्हणून तर नाही ना?' असं थेट विचारल्यावर जवळपास सगळ्यांनी साफ नाही म्हटलं.

मोज्यांचं हे, मग चित्राचं, गाण्याचं काय? बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनचं 'माय स्वीट लॉर्ड' १९७० मध्ये आलं. त्याची चाल 'ही'ज सो फाइन' या १९६३ च्या गाण्यासारखी आहे म्हणून त्याच्यावर खटला झाला. जुनं गाणं ऐकलं होतं, हे हॅरिसनने मान्य केलं. चाल उचलली, हे मान्य केलं नाही. १९७६ मध्ये न्यायाधीशाने निकाल दिला की हॅरिसनने जाणूनबुजून चोरी केलेली नाही, पण नकळत तीच चाल घेतली गेली आहे. म्हणजे न्यायालयाच्या मते स्वतःच्या गाण्याचं मूळ खुद्द कलाकारालाच माहीत नव्हतं.

विमसॅट आणि बीअर्डस्ली या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९४६ मध्येच बजावलं होतं, की कवितेचा अर्थ ठरवायला कवीकडे कौल लावायला जाऊ नका. मला आता वाटतं, कौल लावायला हरकत नाही. फक्त देव बोलला म्हणजे खटला संपला, असं समजू नये. कलाकार हा एक साक्षीदार आहे. जवळचा, महत्त्वाचा, पण साक्षीदारच.

मग हातात काय उरतं?

इथवर आल्यावर 'काहीच कळू शकत नाही' म्हणून हात झटकायचा मोह होतो. मलाही झाला. पण ते खरं नाही. 'प्रभाव' या एका शब्दात आपण चार वेगळे प्रश्न कोंबतो, आणि त्या चारांची उत्तरं सारख्या खात्रीने देता येत नाहीत.

पहिला: ती गोष्ट कलाकारापर्यंत पोचू शकत होती का? याचं उत्तर तारखा, जहाजं, दुकानं, संग्रहालयांच्या नोंदी यांवरून मिळतं आणि ते बऱ्यापैकी पक्कं असतं. त्रोकादेरोचं संग्रहालय १९०७ च्या कितीतरी आधीपासून उघडं होतं. पण पुस्तकांतले ते ठरावीक मुखवटे तिथे नव्हते. गंमत बघा, समीक्षकाला सगळ्यात जास्त खात्रीने काय सांगता येतं? तर कशाचा प्रभाव *नव्हता*, ते.

दुसरा: ती गोष्ट खरंच पोचली का? याला साक्षी, पत्रं, फोटो, घरात सापडलेल्या वस्तू लागतात. मातिसने नंतर सांगितलं की १९०६ मध्ये त्याने विकत घेतलेली एक छोटी आफ्रिकन मूर्ती त्याने पिकासोला दाखवली होती. पिकासोच्या संग्रहात आफ्रिकन स्त्रियांच्या फोटोंची पोस्टकार्डं सापडली, एदमों फोर्तिए या छायाचित्रकाराची, ती अॅन बाल्दासारी या अभ्यासिकेने पुढे आणली. पण वस्तू संग्रहात सापडणं आणि चित्र काढताना ती समोर असणं, या दोन गोष्टी आहेत. माझ्या कपाटातही न वाचलेली पुस्तकं पुष्कळ आहेत.

तिसरा: कलाकाराच्या कामात काही बदललं का, आणि कधी? हे कागदावर आणि कॅनव्हासवर दिसतं. 'दम्वाझेल'साठी पिकासोने शेकडो रेखाटनं केली. सुरुवातीच्या रेखाटनांत एक खलाशी आणि एक विद्यार्थी होता, ते दोघं नंतर गेले. उजवीकडचे दोन चेहरे मागाहून बदलले गेले, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

आणि चौथा: ते बदललं ते *त्या गोष्टीमुळेच* का? इथे पुरावा संपतो आणि अनुमान सुरू होतं. अनुमान म्हणजे थाप नव्हे. डॉक्टरही लक्षणांवरून निदान करतो आणि बहुतेक वेळा ते बरोबर असतं. पण डॉक्टरला औषध देऊन बघता येतं. आपल्याला १९०७ सालचा पिकासो परत आणून, त्रोकादेरोला न पाठवता, तेच चित्र काढायला लावता येत नाही.

पहिल्या तीन पायऱ्यांवर समीक्षक खरोखर काहीतरी *जाणू* शकतो. चौथीवर तो फक्त *पटवू* शकतो. 'प्रभाव स्पष्ट दिसतो' हे वाक्य एकही पायरी न चढता थेट चौथीवर जाऊन बसतं. मॅडमच्या लाल रेघेचं कारण हे होतं.

स्ट्रायकर कोण?

मायकेल बॅक्संडॉल या कलेतिहासकाराने १९८५ च्या एका पुस्तकात प्रभाव या शब्दावरच हल्ला चढवला. त्याचं म्हणणं, या शब्दाचं व्याकरणच उलटं आहे. 'सेझानचा पिकासोवर प्रभाव पडला' म्हटलं की करणारा सेझान होतो आणि पिकासो नुसता सोसणारा. प्रत्यक्षात सेझान तर १९०६ मध्ये वारला होता! करत होता तो पिकासो. बॅक्संडॉल बिलियर्डचं उदाहरण देतो, मी आपला कॅरम घेते. आपण समजतो की जुना कलाकार स्ट्रायकर आणि नवा कलाकार सोंगटी. खरं तर स्ट्रायकर नव्याच्या हातात असतो. कुठल्या सोंगटीला, कुठल्या कोनातून, किती जोरात मारायचं, हे तो ठरवतो. आणि फटका बसल्यावर सगळ्या पटाची मांडणी बदलते. पिकासोनंतर सेझानही आपल्याला वेगळा दिसायला लागतो.

असं बघितलं की क्रियापदं सुचायला लागतात. उचललं, मोडलं, उलटं केलं, टाळलं, गिरवलं, चुकीचं समजून घेतलं, भांडण काढलं. प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो आणि त्यातला बराचसा चित्रातच असतो. पिकासोच्या मनात काय होतं हे मला कळणार नाही. पण त्याने चेहऱ्याचं काय केलं, हे मी बोट ठेवून दाखवू शकते.

हे एवढं ताणायचं कशासाठी?

कारण या शब्दावर श्रेय ठरतं. आणि श्रेय सगळ्यांना एकाच तराजूने मोजून मिळत नाही.

रुबिनच्या त्या प्रदर्शनावर समीक्षक थॉमस मॅकएविलीने १९८४ मध्येच कडक टीका केली. आधुनिक चित्रांना वर्षं होती, कलाकारांची नावं होती. आफ्रिकन वस्तूंना मात्र तारखा नव्हत्या, त्या कशासाठी वापरल्या जात हेही सांगितलेलं नव्हतं. जणू त्या पिकासोला सापडण्यासाठीच घडवल्या होत्या. 'गाठ पडल्याचा पुरावा नाही' हे रुबिनचं काटेकोरपण बरोबरच होतं. पण त्याच काटेकोरपणाने कोरणाऱ्याचं देणं पुसलंही जाऊ शकतं. कारण ज्यांनी ते मुखवटे कोरले त्यांची पत्रं, फोटो, मुलाखती कुणी जपल्याच नव्हत्या. पुरावा कुणाचा शिल्लक राहतो, हेही सत्तेवर ठरतं.

आता आपल्या बाजूने बघा. गगनेंद्रनाथ टागोरांनी १९२० च्या दशकात क्यूबिझमचे कोन आणि तुकडे घेऊन स्वतःचं काहीतरी केलं. डब्ल्यू. जी. आर्चरने १९५९ च्या पुस्तकात त्याला कच्ची नक्कल ठरवलं. इतिहासकार पार्थ मित्तर यांनी या खोडीला नावच दिलंय, मराठीत सांगायचं तर 'हुकलेल्या पिकासोचा आजार'. पिकासोने आफ्रिकेतून घेतलं तर ती प्रतिभा. भारतीयाने पॅरिसमधून घेतलं तर तो प्रभाव. घेण्याची क्रिया तीच, फक्त क्रियापद बदललं.

आणि मी काय केलं होतं? गोव्यातल्या एका चित्रकारावर लिहिताना बेचाळीस पानांत तेच क्रियापद वापरलं होतं. तेही पुरावा न देता. ज्या सुझांनी लहानपणी बघितलेल्या चर्चबद्दल, तिथल्या पोशाखांबद्दल, मूर्तींबद्दल स्वतः लिहून ठेवलंय, त्यांच्या चेहऱ्यांत मला पहिला दिसला तो पिकासो. कारण तो दिसायची मला सवय होती. 'कुणाला?' या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं: मला.

ते वाक्य आता काढून टाकलंय. त्याच्या जागी दीड पान आलंय. सुझांना कुठलं चित्र कधी बघता आलं असतं, त्यातलं बघितल्याचा पुरावा कशाचा आहे, चेहऱ्याची बांधणी कुठल्या चित्रापासून बदलते, आणि शेवटी 'यावरून मला असं वाटतं की' अशी सुरुवात करून एक अनुमान. दीड पान लिहायला अकरा दिवस लागले. ड्राफ्ट परवाच मॅडमकडे पुन्हा दिलाय.

तोवर तुम्हाला एक गृहपाठ. पुढच्या वेळी कुठल्याही परीक्षणात 'यावर अमक्याचा प्रभाव जाणवतो' असं वाचलंत, की चार प्रश्न विचारून बघा. पोचू शकत होतं का? पोचलं का? काय बदललं? त्यामुळेच बदललं का? चौथ्याचं उत्तर नाही मिळालं तर सोडून द्या, ते कुणाकडेच नसतं. पण पहिल्या तिघांचंही उत्तर नसेल, तर लेखकाला समासात एक शब्द लिहून पाठवा.